उपकरणांशी बोलणारा संगणक

[वीज डोळ्यांना दिसत नाही. ती किती आहे, कशी वाहते, हे उपकरणांनी मोजावे लागते. ही मोजण्याची उपकरणे संगणकाला जोडून दुरून कशी चालवतात, त्यासाठी कोणते नियम केले गेले आणि त्यांत माणसाचे काम काय उरते, याची माहिती या पाठात दिली आहे.]



तुम्ही टॉर्चमध्ये नवा सेल घालता. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, पुष्कळ चालेल." पण पुष्कळ म्हणजे किती? दोन तास, की दहा तास? याचे खरे उत्तर हवे असेल तर एकच मार्ग आहे. सेलला एक लहान बल्ब जोडून ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने सेलचे व्होल्टेज मोजायचे. टॉर्चचा साधा नवा सेल सुमारे दीड व्होल्टचा असतो. तो वापरला जातो तसतसे त्याचे व्होल्टेज उतरत जाते.

समजा, दर मिनिटाला एकदा मोजायचे आणि बारा तास मोजत राहायचे असे आपण ठरवले. एका तासात ६० नोंदी, तर बारा तासांत ७२० नोंदी होतील. इतका वेळ मीटरसमोर कोण बसून राहील? पहिल्या तासात आपण मन लावून लिहू. दुसऱ्या तासात मान दुखू लागेल. मध्यरात्री डोळा लागेल, आणि नेमका त्याच वेळी सेल संपला तर सगळी मेहनत वाया जाईल. शिवाय दोन माणसांनी तोच काटा वाचला तरी दोघांचे आकडे थोडे वेगळे येतात.

माणूस थकतो, कंटाळतो. ज्या कामात तीच गोष्ट शेकडो वेळा, ठरलेल्या वेळी आणि एकाच पद्धतीने करायची असते, ते काम संगणकाकडे सोपवणे चांगले. मात्र संगणकाला हात नाहीत, डोळे नाहीत. तो मीटरची कळ कशी फिरवणार आणि आकडा कसा वाचणार? त्यासाठी संगणक आणि उपकरण यांच्यात बोलणे व्हायला हवे. हे बोलणे कसे होते ते आता पाहू.

मोजणारी उपकरणे

प्रथम उपकरणांची ओळख करून घेऊ. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या टेबलावर तुम्ही मल्टिमीटर पाहिला असेल. त्याला एक तांबडी आणि एक काळी वायर असते. व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि रोध या तिन्ही गोष्टी तो मोजतो. दुसरे उपकरण ऑसिलोस्कोप. वीज क्षणाक्षणाला कशी बदलते, याचे चित्र तो पडद्यावर काढून दाखवतो. तिसरे उपकरण सिग्नल जनरेटर. ते ठरावीक प्रकारच्या विद्युतलहरी तयार करते. चौथे उपकरण पॉवर सप्लाय. आपण सांगू तेवढे व्होल्टेज तो पुरवतो.

म्हणजे काही उपकरणे वीज पुरवतात आणि काही उपकरणे ती मोजतात. एखादे नवे सर्किट नीट चालते की नाही हे पाहायचे असेल, तर दोन्ही प्रकारची उपकरणे लागतात. कारखान्यात रोज हजारो सर्किटे तयार होतात. प्रत्येक सर्किटाची अनेक ठिकाणी तपासणी करावी लागते. हाताने हे काम करायचे म्हटले तर माल तयार व्हायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा तो तपासायलाच अधिक वेळ लागेल. म्हणूनच उपकरणे संगणकाने चालवण्याची गरज प्रथम कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना वाटली.

एक अडचण आणि तिचा उपाय

सुरुवातीला एक मोठी अडचण होती. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीची जोडणी करत असे. एका कंपनीच्या मीटरची वायर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नसे. वायर बसली तरी एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नसे. दोन माणसे समोरासमोर बसली आहेत, पण एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, अशी ती अवस्था होती.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो नावाचे गाव आहे. तेथे १९३९ साली विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण अभियंत्यांनी एका लहानशा गॅरेजमध्ये आपला व्यवसाय सुरू केला. त्यांचे पहिले उपकरण ध्वनीच्या चाचणीसाठी विद्युतलहरी निर्माण करणारे होते. पुढे ही ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी मोजमापाच्या उपकरणांसाठी जगभर प्रसिद्ध झाली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने आपली सर्व उपकरणे एकाच प्रकारच्या वायरने जोडता यावीत म्हणून एक पद्धत तयार केली. ती इतकी सोयीची ठरली की १९७५ साली अभियंत्यांच्या 'आय ट्रिपल ई' या संस्थेने तिला सर्वांसाठी मानक म्हणून मान्यता दिली. तिचा क्रमांक ४८८. पुढे ती जीपीआयबी या नावाने ओळखली जाऊ लागली.

मानक म्हणजे काय? घरातला बल्ब गेला की आपण दुकानातून नवा बल्ब आणतो. बल्ब एका कंपनीचा आणि होल्डर दुसऱ्या कंपनीचा असतो, तरी तो बरोबर बसतो. कारण बल्बचे बूड केवढे असावे हे सर्वांनी मिळून ठरवलेले आहे. असा सर्वांनी पाळायचा ठराव म्हणजे मानक. मानक ठरले की ग्राहक एकाच कंपनीला बांधलेला राहत नाही.

सोळा तारांचा रस्ता

जीपीआयबीची वायर बोटाएवढी जाड असते. तिच्या टोकाला चोवीस पिनांचा जोड असतो. आत निरोप पोचवणाऱ्या सोळा तारा असतात. बाकीच्या तारा जमिनीशी जोडणाऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या आणि संरक्षणाच्या असतात.

सोळांपैकी आठ तारांवरून मजकूर जातो. एका वेळी एक अक्षर किंवा एक अंक. तीन तारा अक्षर नीट पोचले की नाही याची खात्री करतात. उरलेल्या पाच तारा शिस्त राखतात. या एका रस्त्यावर संगणकासह पंधरा यंत्रे जोडता येतात. एका जोडावर दुसरा जोड बसवता येतो, त्यामुळे यंत्रांची साखळी तयार होते. मात्र सर्व वायर मिळून वीस मीटरपेक्षा लांब असू नये, असा नियम आहे.

आता पंधरा जण एकाच रस्त्यावर बोलू लागले तर गोंधळच होईल. म्हणून तीन भूमिका ठरवल्या आहेत: नियंत्रक, वक्ता आणि श्रोता. नियंत्रक म्हणजे बहुधा संगणक. कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे हे तो ठरवतो. एका वेळी वक्ता एकच असतो. श्रोते मात्र अनेक असू शकतात. वर्गात शिक्षक एका विद्यार्थ्याला उभे करून वाचायला सांगतात आणि बाकीचे ऐकतात, तसेच हे आहे.

वर्गात प्रत्येकाला हजेरीचा क्रमांक असतो. येथेही प्रत्येक उपकरणाला ० ते ३० यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो. दोन उपकरणांना एकच क्रमांक चुकून दिला, तर एका हाकेला दोघेही "हजर" म्हणतील आणि काम बिघडेल. म्हणून जोडणी करताना क्रमांक तपासणे हे पहिले काम असते.

सर्वांत हळू चालणाऱ्याची वाट

आता अक्षरांची देवाणघेवाण कशी होते ते पाहू. या पद्धतीचे हे सर्वांत सुंदर अंग आहे.

तुमच्या वर्गात शिक्षक इमला सांगतात, म्हणजे श्रुतलेखन घेतात. चांगले शिक्षक कसे सांगतात? आधी विचारतात, "सर्व तयार आहेत ना?" एकजण जरी "थांबा सर, पेन्सिलीला टोक करतो आहे" म्हणाला, तरी ते थांबतात. सर्व तयार झाले की एक शब्द सांगतात. मग सर्वांचे लिहून होईपर्यंत वाट पाहतात. सर्वांत सावकाश लिहिणाऱ्याने मान वर केली की पुढचा शब्द सांगतात.

त्या तीन तारा नेमके हेच काम करतात. पहिली तार श्रोत्यांची आहे. श्रोत्यांपैकी एकही यंत्र तयार नसेल, तर ती "अजून तयार नाही" असे सांगते. दुसरी तार वक्त्याची आहे. "मी अक्षर ठेवले आहे, घ्या," असे ती सांगते. तिसरी तार पुन्हा श्रोत्यांची. शेवटच्या श्रोत्याने अक्षर घेईपर्यंत ती "अजून घेतले नाही" असेच सांगत राहते. सर्वांनी घेतले की मगच वक्ता ते अक्षर उचलतो आणि पुढचे ठेवतो.

या पद्धतीला हस्तांदोलन असे नाव आहे. आपण ज्याला मुसाफा म्हणतो, तेच. दोन्ही हात मिळाले तरच मुसाफा होतो. एकानेच हात पुढे केला तर होत नाही. अक्षराचेही तसेच आहे. केवळ पाठवले म्हणून काम झाले असे नाही, पोचले पाहिजे.

यात वेळ जातो असे तुम्हांला वाटेल. पण ही यंत्रे एका सेकंदात दहा लाखांपर्यंत अक्षरे देऊ-घेऊ शकतात. त्यांतले एखादे उपकरण जुने आणि सावकाश असले, तर बाकीची यंत्रे आपोआप त्याच्या चालीने चालतात. म्हणून एकाही श्रोत्याचे एकही अक्षर सुटत नाही. वेगवान यंत्राला सावकाश यंत्राबरोबर काम करता आले ते या नियमामुळेच.

आणखी एक तार वर्गातल्या हात वर करण्यासारखी आहे. एखाद्या उपकरणाचे मोजून झाले, किंवा काही बिघाड झाला, तर ते या तारेवरून खूण करते. पण ही तार सर्वांची मिळून एकच आहे. एखाद्या घराला एकच घंटा असावी आणि ती दारातल्या चार जणांपैकी कोणीही वाजवावी, तसे ते आहे. घंटा वाजली हे कळते, पण कोणी वाजवली हे कळत नाही. मग नियंत्रक एकेकाला क्रमाने विचारतो, "तू हाक मारलीस का?" ज्याने मारली असेल ते उपकरण कारणासह उत्तर देते.

हुकूम आणि सवाल

रस्ता झाला, शिस्त झाली. पण भाषेचा प्रश्न उरलाच. वायर सारखी झाली तरी एका कंपनीच्या मीटरला व्होल्टेज मोजायला सांगण्याचा शब्द एक, तर दुसऱ्या कंपनीचा दुसरा. मीटर बदलला की संगणकाची सगळी आज्ञावली नव्याने लिहावी लागे. १९८७ साली मानकात भर घालून काही समान आज्ञा ठरवण्यात आल्या. नंतर १९९० साली अनेक कंपन्यांनी मिळून उपकरणांसाठी एक समान भाषा तयार केली. तिचे नाव एससीपीआय. या भाषेतील शब्द रोमन लिपीत लिहिले जातात. येथे आपण त्यांचा उच्चार देवनागरीत पाहू.

या भाषेत दोनच प्रकारची वाक्ये आहेत. एक हुकूम, म्हणजे आज्ञा. दुसरा सवाल, म्हणजे प्रश्न. पॉवर सप्लायला "व्होल्टेज ३" असे लिहून पाठवले, तर तो तीन व्होल्टची तयारी करतो. ही आज्ञा झाली. "व्होल्टेज ?" असे पाठवले, तर तो "किती ठरवले आहे" याचे उत्तर देतो. हा प्रश्न झाला. शेवटी प्रश्नचिन्ह आहे की नाही, एवढाच फरक. मल्टिमीटरला "मेझर : व्होल्टेज : डीसी ?" असे विचारले, तर तो एकदा व्होल्टेज मोजून आकडा परत पाठवतो. शब्दांच्या मधले दोन टिंबांचे चिन्ह पायरी दाखवते. प्रथम मोजायचे, मग काय मोजायचे, मग कोणत्या प्रकारचे.

सर्व उपकरणांना विचारता येणारा एक प्रश्न आहे. आधी एक तारांकन, मग आय, डी, एन ही तीन अक्षरे आणि शेवटी प्रश्नचिन्ह. याचा अर्थ, "तू कोण आहेस?" उपकरण चार गोष्टी सांगते: बनवणाऱ्याचे नाव, नमुन्याचा क्रमांक, स्वतःचा अनुक्रमांक आणि आत बसवलेल्या आज्ञावलीची आवृत्ती. नवी जोडणी केल्यावर हा प्रश्न आधी विचारावा. परक्या माणसाला काम सांगण्यापूर्वी आपण त्याचे नाव विचारतो, तसेच हे आहे.

उपकरण माणसासारखे समजून घेत नाही, हेही लक्षात ठेवा. तुम्ही मराठी बोलताना एखादा शब्द चुकलात, तर ऐकणारा हसून का होईना, अर्थ समजून घेतो. उपकरण तसे करत नाही. आज्ञेत एक अक्षर चुकले तरी ते काम करत नाही, आणि आपल्या चुकांच्या वहीत "उणे ११३" असा आकडा नोंदवते. त्याचा अर्थ, "हा शब्द माझ्या ओळखीचा नाही." संगणकाने विचारले तर ते ही चूक सांगते. न विचारले तर गप्प राहते. म्हणून हुशार तंत्रज्ञ प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेनंतर "काही चुकले का?" असा प्रश्न विचारण्याची सवय ठेवतात.

सेलचा प्रयोग

आता आपला सेलचा प्रयोग संगणकाकडे देऊ. संगणकाला मल्टिमीटर जोडला आहे आणि मल्टिमीटरच्या वायरी सेलला लावल्या आहेत. संगणकाला द्यायच्या सूचना अशा:

१. मल्टिमीटरला विचार, तू कोण आहेस? उत्तर न आल्यास थांब आणि तसे कळव.
२. मल्टिमीटरला व्होल्टेज मोजायला सांग.
३. आलेला आकडा आणि घड्याळातील वेळ वहीत लिही.
४. आकडा ०.९ व्होल्टपेक्षा कमी असेल तर प्रयोग संपव.
५. नसेल तर एक मिनिट थांब आणि पुन्हा दुसऱ्या सूचनेपासून सुरू कर.

या पाच ओळी म्हणजेच आज्ञावली. रात्रभर संगणक हे काम करील आणि सकाळी आपल्याला वेळेसह सर्व नोंदी मिळतील. त्यांचा आलेख काढला की सेल कसा उतरत गेला ते एका नजरेत दिसेल.

पण थांबा. या आज्ञावलीत एक धोका आहे. तो तुमच्या ध्यानात आला का? समजा, रात्री मांजर टेबलावरून गेले आणि मीटरची वायर सेलपासून सुटली. आता मीटरला व्होल्टेज मिळत नाही. तो शून्याच्या जवळपासचा आकडा देईल. चौथ्या सूचनेप्रमाणे संगणक म्हणेल, "सेल संपला," आणि प्रयोग बंद करील. सकाळी आपण वहीत पाहू की नवा कोरा सेल दोन तासांत संपला! येथे मीटर चुकला नाही, संगणकही चुकला नाही. दोघांनी सांगितले तेच केले.

म्हणून सूचना लिहिणाऱ्याने विचार करायला हवा. सेल हळूहळू उतरतो. एका मिनिटात तो १.३ वरून एकदम ० वर येणार नाही. तेव्हा आणखी एक सूचना घालावी: मागच्या आकड्यापेक्षा हा आकडा फार वेगळा असेल, तर त्याला उत्तर समजू नकोस, 'जोडणी तपासा' असे लिही. ही सूचना सुचण्यासाठी सेल कसा वागतो याचे ज्ञान लागते. ते संगणकाजवळ नसते.

दुरून चालवताना घ्यायची काळजी

हाताने काम करताना आपले डोळे, नाक, कान जागे असतात. जळाल्याचा वास आला की आपण लगेच बटण बंद करतो. दुरून काम करताना हे साधन आपल्याजवळ नसते. म्हणून काही नियम पाळतात.

पहिला नियम असा, की पॉवर सप्लायला व्होल्टेज सांगण्याबरोबर विद्युतप्रवाहाची मर्यादाही आधी सांगावी. "इतक्याच्या वर जाऊ देऊ नकोस," असे बजावले की चुकीची जोडणी झाली तरी सर्किट सहसा जळत नाही. दुसरा नियम, सर्व मर्यादा ठरल्यानंतरच वीज सोडण्याची आज्ञा द्यावी, आणि काम संपताच ती बंद करण्याची आज्ञा द्यावी. तिसरा नियम, एखादी गोष्ट बदलल्यावर लगेच मोजू नये. उपकरणाला "झाले का?" असे विचारावे आणि "झाले" असे उत्तर आल्यावर पुढे जावे.

संगणकाच्या ताब्यात असलेल्या उपकरणावर बहुधा 'रिमोट' अशी खूण दिसते. तेव्हा त्याची समोरची बटणे चालत नाहीत. जवळच्या माणसाने 'लोकल' हे बटण दाबले की ताबा पुन्हा त्याच्याकडे येतो. संगणक हे बटणही बंद करू शकतो. म्हणून जेथे अधिक व्होल्टेजचे काम चालते, तेथे सर्व वीज एकदम तोडणारा मोठा स्विच हाताशी असावा. त्या स्विचला कोणाची आज्ञा लागत नाही.

वीस मीटरपासून दूर देशापर्यंत

जीपीआयबीची वायर वीस मीटरच्या पुढे जात नव्हती. पुढे संगणकाला यूएसबी जोड आला आणि उपकरणांनाही तो बसू लागला. २००५ साली एलएक्सआय नावाचे मानक आले. त्यामुळे संगणकांच्या जाळ्यातूनच उपकरणे चालवण्याची एकसारखी सोय झाली. आता उपकरण एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात असू शकतो. जोड बदलले, पण हुकूम आणि सवाल यांची भाषा पुष्कळशी तीच राहिली. म्हणून जुनी जीपीआयबी उपकरणे अनेक प्रयोगशाळांत आजही नव्यांच्या शेजारी काम करताना दिसतात.

याचा विद्यार्थ्यांना झालेला एक उपयोग ऐका. स्वीडन देशात ब्लेकिंगे येथील तंत्रज्ञान संस्थेने १९९९ साली अशी एक प्रयोगशाळा सुरू केली, की विद्यार्थ्यांनी घरी बसून तेथील खऱ्या उपकरणांवर प्रयोग करावेत. पुढे ही पद्धत 'व्हिझीर' या नावाने इतर देशांतील संस्थांनाही देण्यात आली. भारतात मद्रास येथील आयआयटीतही ती बसवण्यात आली.

ती अशी चालते. विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर रोधक, संधारित्र वगैरे भाग ठेवतो आणि माउसने वायरी जोडतो. तिकडे प्रयोगशाळेत खरे भाग बसवलेले असतात. त्यांच्यामध्ये रिले नावाचे विजेवर चालणारे लहान स्विच असतात. विद्यार्थ्याने पडद्यावर जशी जोडणी केली, तसे रिले मिटतात आणि खरे सर्किट तयार होते. खरी उपकरणे मोजतात आणि आकडा विद्यार्थ्याच्या पडद्यावर येतो. पण रिले मिटण्यापूर्वी आज्ञावली एक गोष्ट तपासते. शिक्षकांनी परवानगी दिलेल्या मर्यादेत ही जोडणी बसते का? बसत नसेल तर ती जोडणी केलीच जात नाही. त्यामुळे विद्यार्थी न भिता चुका करू शकतो आणि उपकरणेही सुरक्षित राहतात. एकेक मोजणी क्षणात होते. म्हणून उपकरणांचा एकच संच अनेक विद्यार्थ्यांना आळीपाळीने पुरतो.

ज्या शाळेला किंवा कॉलेजला महाग उपकरणे घेणे परवडत नाही, तेथील मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, याचा विचार करा. प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे, हे विचारायची गरज उरत नाही.

मात्र जे दार आपल्यासाठी उघडते ते परक्यासाठीही उघडे राहू शकते. पुष्कळ उपकरणे आज्ञा कोण देतो आहे हे विचारत नाहीत. आज्ञा बरोबर असली की ती पाळतात. म्हणून उपकरणे जाळ्याला जोडताना मधल्या संगणकाला संकेतशब्दाचे कुलूप लावणे आवश्यक असते.

आपले काम कोणते?

सर्व काही संगणक करतो, मग आपण मल्टिमीटर हातात धरायला कशाला शिकायचे, असे कोणी विचारील. सेलच्या प्रयोगातील सुटलेली वायर आठवा. ज्याने स्वतःच्या हाताने शंभर वेळा मोजले आहे, त्यालाच आलेला आकडा पाहून शंका येते. संगणक न थकता मोजतो, पण काय मोजायचे, कशासाठी मोजायचे आणि आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत मीटर हाती आला तर संकोच करू नका. प्रथम हाताने मोजा, आकडा वहीत लिहा, आणि मग पुन्हा एकदा मोजा.

आणखी एक गोष्ट. निरनिराळ्या कंपन्यांच्या या यंत्रांनी आपापली रचना सोडली नाही. प्रत्येकाच्या पोटातले काम वेगळेच राहिले. त्यांनी फक्त एकमेकांशी बोलण्यापुरती एक भाषा शिकून घेतली. तेवढ्याने ती एका टेबलावर काम करू लागली. तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत उर्दूतून शिकता आणि या पुस्तकातून मराठी शिकता. उद्या तुमच्यापैकी कोणी आयटीआयमध्ये जाईल, कोणी कारखान्यात, कोणी प्रयोगशाळेत. तेथे शेजारच्या टेबलावर मराठी बोलणारा सोबती असेल. त्याला "हे मीटर बरोबर दाखवते आहे ना?" असे विचारता आले, आणि त्याने दिलेले उत्तर समजले, तर काम तुमचेही होईल आणि त्याचेही. तो सावकाश बोलणारा असेल तर थोडे थांबा. तुम्ही अडखळलात तर तोही थांबेल.

शब्दार्थ

उपकरण – औजार. मोजमाप – पैमाइश. आज्ञा – हुकूम. सूचना – हिदायत. मानक – मेयार. हस्तांदोलन – मुसाफा. श्रुतलेखन – इमला. वक्ता – बोलणारा. श्रोता – ऐकणारा. मर्यादा – हद. आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका. संकेतशब्द – ओळख पटवण्याचा गुप्त शब्द. आळीपाळीने – बारी-बारीने.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जीपीआयबी पद्धतीला मानक म्हणून कोणत्या साली मान्यता मिळाली?
(आ) एका वेळी किती वक्ते असू शकतात?
(इ) "उणे ११३" या आकड्याचा अर्थ काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) श्रुतलेखन आणि यंत्रांचे हस्तांदोलन यांत कोणते साम्य आहे?
(आ) सेलची वायर सुटली तर संगणकाची नोंद का चुकते?
(इ) व्हिझीर प्रयोगशाळेत विद्यार्थ्याची चुकीची जोडणी कशी रोखली जाते?

३. पुढील वाक्यांतील आज्ञा कोणती आणि प्रश्न कोणता ते ओळखा.
(अ) व्होल्टेज ५ (आ) व्होल्टेज ?

४. करून पाहा.
शिक्षकांच्या मदतीने टॉर्चच्या एका सेलला लहान बल्ब जोडा. दर दहा मिनिटांनी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून एक तास नोंदी करा आणि त्यांचा आलेख काढा. एखादा आकडा संशयास्पद वाटल्यास तुम्ही काय केले, ते पाच ओळींत मराठीत लिहा.